विहिरीतला सेमाडोहचा मासा

पाय टेकत नव्हते इतकं पाणी. उजव्या हातात पदराची झोळी, झोळीत मासा. डाव्या हातात नवऱ्याच्या कोटाची कॉलर. हे बुडत होते. दोर टाकायचा सोडून सासूबाई काठावरून अट घालत होत्या.

"मासा सोड आंधी. मंग टाकतो दोर."

"आई, मी मरतो!" हे ओरडले.

"तुले सुनेनं धरलं हाय. त्या मुक्या जीवाले कोन हाय?"

हे अमरावतीला मास्तर. वऱ्हाडातल्या कोणत्या नदीत कोणता मासा सापडतो, याच्या नोंदी करायचं त्यांना वेड. सुट्टी लागली की बैलगाडी, जाळं आणि मी. मी पूर्णाकाठची, चौथी शिकलेली, पण पोहणारी. यांना पोहणं येत नव्हतं. नोंदी कलकत्त्याच्या एका साहेबांकडे जात. मासा मारून स्पिरिटच्या बाटलीत घालून पाठवला तरच ते नोंद धरत.

त्या खेपेला सेमाडोहला सिपना नदीत लाल शेपटीचा मासा मिळाला. एकच. वऱ्हाडात हा कुणी पाहिलेला नाही, असं हे म्हणत आणि गाडीत बसल्या बसल्या नाचत. स्पिरिटमध्ये रंग उडतो, म्हणून आधी चित्र काढायचं ठरलं. मासा घागरीत जिवंत आणला. घागर माझ्या मांडीवर, लुगडं ओलं.

घरी पोचलो त्याच्या दुसऱ्या दिवशी एकादशी, आणि यांची सुट्टी संपलेली. घर माळकरी. हे शाळेत गेले आणि सासूबाईंनी घागर विहिरीत उपडी केली. लपवलंही नाही. "पुण्य लागलं," म्हणाल्या.

मी कपारीचे दगड धरून उतरले. शिळी भाकरी कुस्करून टाकली, मासा आला, पदरात धरला. तेवढ्यात हे घरी आले. वरून मी पाण्यात दिसले. बायको बुडते आहे असं समजून यांनी कोट-टोपीसकट उडी मारली.

"विहिरीत पोहला, आता आमरावतीचा झाला तो," सासूबाई वरून म्हणाल्या.

यांच्या नाकातोंडात पाणी. तरी ओरडले, "आई, असं बोलू नको! सेमाडोहचा आहे!"

मला असं हसू फुटलं की कॉलर सुटता सुटता राहिली.

"आज मासा मारत नाही. टाका दोर," मी म्हटलं.

"अन् उद्या?"

"उद्याचं उद्या."

दोराला बांधून बादली आली. आधी मासा वर गेला, सासूबाईंनी तसंच बजावलं. मग हे. मग मी.

द्वादशीला सासूबाईंनी उपास सोडताना पहिला घास माशाला घातला. "माह्या पंगतीले जेवला तो. आता मारून दाखव." यांनी बाटली रिकामीच फळीवर ठेवून दिली आणि नुसतं चित्र पाठवलं. साहेबांचं उत्तर आलं, चित्रावर नोंद होत नाही. आम्ही दोघं पोट धरून हसलो. ती नोंद कधीच झाली नाही.

त्या एकादशीला विहिरीतून मी, हे आणि मासा, तिघंही जिवंत निघालो.