उघड्यावर ठेवलेली रास

माझ्या मुलाने सात वर्षं खपून केलेली वस्तू एका दुपारी जगाला फुकट देऊन टाकली. मी त्याला तेव्हा मूर्ख म्हणाले. आता वयामुळे मी नरम पडले असेन असं कुणाला वाटत असेल, तर तसं काही झालेलं नाही.

वस्तू काय होती ते आधी सांगते, कारण मलाच ते कळायला वर्ष गेलं. कॉम्प्युटरवरच्या खेळात भिंत पडते, गाडी आपटते, दगड घरंगळतो. चित्रं काढणारा माणूस वेगळा. पण दगडाने किती जोराने यावं, कुठे आपटावं, कुठे थांबावं, हे सगळं कुणीतरी लिहून ठेवावं लागतं. ते माझा मुलगा लिहीत होता. नोकरी सांभाळून, नवीन पनवेलच्या आमच्या घरात आतल्या खोलीत बसून. लग्नाचा विषय काढला की कानाला हेडफोन लावायचा. मी चौथी शिकलेली, मला त्यातलं अक्षर कळत नव्हतं. पण पडद्यावर वस्तू पडताना दिसायच्या, आणि पडणं मला कळतं.

माझं माहेर उलव्याकडे, खाडीच्या काठाला. लग्नाआधी आणि लग्नानंतरही मी मिठागरात काम केलं. भरलेली पाटी डोक्यावर घेऊन बांधावरून चालायचं आणि राशीवर ओतायची. तळपायाच्या भेगांत मीठ जातं. त्या दिवसांची आठवण काढून ज्यांना हळवं व्हायचं असेल त्यांनी ते काम एक दिवस करून बघावं.

एकदा मी चहा द्यायला आत गेले, तर पडद्यावर पांढरे दाणे वरून पडत होते आणि पडल्या पडल्या चहूकडे पळत होते.

“हे काय सांडतोस?”

“मीठ आहे, आई. त्याची रास करायचीय.”

“ही मोहरी हाय. मीठ असं पळत नाय.”

तो चिडला. महिनाभर त्याची रास उभी राहत नव्हती. “मग तूच करून दाखव,” म्हणाला. टोमणाच होता.

मी जाड मिठाची बरणी आणली आणि ताट जमिनीवर ठेवून त्यात मीठ ओतलं. त्याने मूठभर घ्यायला हात पुढे केला.

“हातात मागू नको, भांडणं होतात. ताटात हाय, तिथून उचल.”

आमच्यात मीठ कुणाच्या हातावर देत नाहीत. खाली ठेवायचं, ज्याला हवं त्याने उचलायचं.

“आपली भांडणं तशीही होतातच की.”

“तुझ्या बापाने तुला हातावर दिलं असणार.”

मग त्याला खडा दाखवला. खड्याला कोपरे असतात, कोपऱ्यावर तो अडतो, म्हणून रास चढते. याचे सगळे दाणे गोल. मग थोडं पाणी शिंपडून दाखवलं. ओलं मीठ थापलं की भिंतीसारखं उभं राहतं. वाळलं की वर कवच धरतं, आणि पडतं तेव्हा एकदम ढलपीच पडते. त्याने जुन्या कंपासपेटीतला कोनमापक काढून राशीचा उतार मोजला. पंधरा दिवसांनी त्याची रास उभी राहिली, सुकं मीठही आणि ओलंही. मी “बरी हाय” म्हणाले. याहून जास्त मी कुणालाच म्हणत नाही.

मग एका कंपनीने ती वस्तू विकत मागितली. हा नाही म्हणाला.

“ते घेऊन कपाटात टाकतील, आई. उद्या मलाच हात लावू देणार नाहीत. मी ते सगळ्यांसाठी उघडं करणार आहे. कुणीही घ्या, वापरा, सुधारा.”

“कुणीही म्हणजे?”

“कुणीही. फक्त माझं नाव खोडायचं नाही, असं वर लिहिलंय.”

“आणि खोडलं तर?”

त्याने खुर्ची पडद्याकडे वळवली.

मी उगाच विचारत नव्हते. माझ्या नवऱ्याने शेजाऱ्याला आमच्या शेतातून वाट दिली होती. कागद नाही, सही नाही, माणुसकी म्हणून. नव्या शहरासाठी मोजणी आली तेव्हा शेजाऱ्याने ती वाट आजोबांपासून आपलीच असल्याचं सांगितलं. दोन म्हातारे साक्षीला उभे केले आणि त्या पट्ट्याची भरपाई उचलली. माझा नवरा तोंड मिटून घरी आला आणि मरेपर्यंत त्या माणसाला रामराम करत राहिला. उघडं ठेवलेल्याचं काय होतं ते मी बघितलं होतं.

हे मी मुलाला ऐकवलं. तो म्हणाला, “जमीन दुसऱ्याने घेतली की आपली जाते. हे कितीही जणांनी घेतलं तरी माझ्याकडे राहतंच.”

“रिकामं भांडंपण घरातच राहतं.”

त्या काळी आमच्याकडे नेट डोंगलवर चालायचं. बोटाएवढी पांढरी कांडी, कॉम्प्युटरला खोचायची. सगळं यातूनच जातं, असं तो एकदा म्हणाला होता. म्हणजे सगळं त्यातच असतं, अशी माझी समजूत. ज्या रविवारी तो द्यायला बसणार होता, त्या सकाळी तो आंघोळीला गेल्यावर मी ती कांडी उपटली आणि मिठाच्या बरणीत तळाशी खुपसली.

“आई, डोंगल बघितलंस?”

“मी कशाला बघू?”

त्याने घर उलटंपालटं केलं. मग कॉम्प्युटरला दुसरीच एक कांडी लावून काढली आणि ती खिशात टाकून बाहेर पडला. दुपारी वडापाव खात परत आला.

“झालं. सायबर कॅफेत जाऊन दिलं.”

“पण ते तर...”

मी थांबले, पण उशीर झाला होता. त्याने माझ्याकडे बघितलं. मग ओट्यावर सांडलेल्या मिठाकडे. बरणीत हात घालून त्याने डोंगल काढलं. कांडीच्या तोंडात खडे अडकले होते. पुसलं, खोचलं. चाललं नाही.

“सात वर्षांचं काम खरंच यात असतं तर आज मिठात गेलं असतं,” तो म्हणाला. “आता उघड्यावर आहे, कुठल्याच बरणीत बुडणार नाही.”

“जेवायला वाढू, की बाहेरच गिळून आलास?” मी म्हणाले. पुढचे आठ दिवस बोलले नाही.

वर्षभराने त्याच कंपनीने ती वस्तू फुकट उचलून आपल्या खेळात घातली. याचं नाव खेळाच्या अगदी शेवटी, मुंगीएवढ्या अक्षरात. मला दाखवताना हसत होता. हसण्यासारखं काय होतं ते मला अजून कळलेलं नाही.

आणि मग कुठल्याशा देशातल्या माणसाने त्यात बदल करून पाठवला. मुलाने मला बोलावलं. पडद्यावर ओल्या मिठाची रास वाळत होती आणि मळलेल्या कणकेसारखी हळूहळू बसत होती.

“असं बसत नाय.”

“यामुळे कॉम्प्युटरचं काम भराभर होतं, आई. घ्यावं म्हणतोय.”

“त्याने जन्मात मीठ उचललंय?”

“मला काय माहीत? काय चुकलंय ते तू सांग ना.”

“मी नाय सांगणार. जगाला दिलंस ना? जगाला विचार.”

मी स्वयंपाकघरात आले. तिथून पडद्याचा कोपरा दिसतो. तो पुन्हा पुन्हा तेच लावत होता आणि रास पुन्हा पुन्हा चुकीची बसत होती. भात शिजेपर्यंत मी सहन केलं. मग मीठ ओलं केलं, ताटात थापलं आणि खिडकीबाहेर उन्हात ठेवलं. दुपार कलल्यावर ते ताट धक्का न लावता आत नेलं. त्याने घ्यायला हात पुढे केला.

“हात मागे घे.”

ताट टेबलावर ठेवलं आणि बोटाने राशीची कड टोकरली. अख्खी ढलपी सुटली आणि त्याच्या कीबोर्डवर फुटली.

“असं,” मी म्हणाले. “लिही त्याला. आणि माझं नाव त्यात घालायचं नाय.”

“का?”

“तुझं फुकट वाटलंस तेवढं पुरे.”