फुलबाजार, गाळा नंबर नाही

दुर्गाबाई भोयरांचे यजमान वैजनाथ नऊ वर्षांपूर्वी कुकरची रिंग आणायला कोथरूडच्या घरातून बाहेर पडले, ते आले नाहीत. म्हणजे स्वप्नात येतात. मार्केट यार्डाच्या फुलबाजारात, शेवंतीच्या ढिगांमध्ये, मनगटात नवी रिंग अडकवून उभे असतात. दुर्गाबाई हाक मारतात, ते हात वर करतात, आणि तेवढ्यात दुधाची पिशवी दारावर आपटते.

फ्लॅट वैजनाथांच्या नावावर. इमारत पाडून नवी बांधायची ठरली आणि बिल्डरला मालकाची सही हवी. सही नाही तर नव्या इमारतीत घर नाही. सात वर्षं ठावठिकाणा नसलेला माणूस मृत आहे, असं कोर्ट जाहीर करू शकतं. म्हणून उत्कर्षा वकिलीणबाईंनी दावा तयार केला आणि दोघी कोर्टाच्या खिडकीपाशी उभ्या राहिल्या.

"प्रतिवादीचा पत्ता?" कारकुनाने विचारलं.

"बेपत्ता आहेत," उत्कर्षा म्हणाली.

"ते वाचलं. पण पत्ता?"

दुर्गाबाईंना खोटं जमत नाही. "स्वप्नात फुलबाजारात असतात जी."

"गाळा नंबर?"

तो चेष्टा करत नव्हता. रकाना रिकामा, म्हणून दावा घेणार नाही.

"अहो, हरकत लिहा आणि साहेबांपुढे ठेवा," उत्कर्षा म्हणाली.

"अपुरा कागद साहेबांपुढे जात नाही."

मग उत्कर्षाने या नकाराविरुद्धच थेट न्यायाधीशांकडे दाद मागितली. त्यांनी चष्मा पुसला. "पत्ता ठाऊक असता तर बाई इथं कशाला आल्या असत्या? घरीच भांडल्या असत्या." आदेश झाला: कार्यालयाने उणीव दाखवावी, दावा घ्यायचा की नाही, ते न्यायालय ठरवील. दावा दाखल करून घ्यावा आणि प्रतिवादीच्या शेवटच्या माहीत असलेल्या पत्त्यावर नोटीस चिकटवावी.

तो पत्ता अर्थातच दुर्गाबाईंचा.

कोर्टाचा बेलिफ नोटीस घेऊन दुपारी आला. दुर्गाबाईंचा नुकताच डोळा लागला होता. दार उघडलं तेव्हा नाकात अजून शेवंती होती.

"वैजनाथ भोयर आहेत का?"

"येतीलच इतक्यात. बसा नं."

गॅसवाल्याला, सोसायटीच्या सेक्रेटरीला, नागपूरच्या नणंदेला त्या हेच सांगत आल्या होत्या. बेलिफाचं पेन थांबलं.

"बाई, हे लिहू? लिहिलं तर तुमचा दावा इथंच आटोपला."

दुर्गाबाईंनी जिन्याकडे पाहिलं. जिना नेहमीसारखाच रिकामा होता.

"नका लिहू. ते येणार नाहीत."

"जरा मोठ्यानं."

त्यांनी मोठ्यानं सांगितलं. समोरच्या फ्लॅटचं दार किंचित उघडलं आणि मिटलं.

बेलिफाची चिकटपट्टी दाराला धरेना. दुर्गाबाईंनीच कणकेची खळ शिजवून आणली, नोटिशीचे चारही कोपरे दाबून बसवले आणि आत जाऊन पडल्या.

वैजनाथ या वेळी फुलबाजारात नव्हते. जिना चढून आले. आपल्या नावाची नोटीस त्यांनी सावकाश, खालच्या शिक्क्यासकट वाचली. बेल वाजवली नाही. मनगटातली रिंग काढून दाराच्या कडीला अडकवली आणि शेवंतीच्या दोन पाकळ्या पायरीवर सांडत खाली उतरले.

दुर्गाबाईंनी हाक मारली नाही.