वरणाची बादली

आमच्या पडघ्याच्या बाजूला लग्नाला हॉल घेतात, पण हळद अजून दारच्या मांडवातच होते आणि जेवायला पंगत बसते. सगळ्यांचं होईपर्यंत पंगतीतून कोणी उठायचं नाही, हा नियम. तो मला जाचायचा, म्हणून मी वाढायला उभी राहायचे. वाढणारे शेवटी जेवतात, आणि शेवटी कोण जेवलं हे बघायला कोणी जागेवर नसतं. 'वाढून वाढूनच पोट भरलं' म्हटलं की विषय मिटतो.

वरणाची बादली माझी ठरलेली. आई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, "माजी पोरगी धा मानसांचं काम करतंय." मी वाळत चालले होते ते तिला कामामुळे वाटायचं. कामसू पोरीला आमच्यात कोणी आजारी म्हणत नाही.

महामार्गालगतच्या एका गोडाऊनमध्ये मी बिलिंगला होते. तिथे एकदा उभ्या उभ्या कोसळले. भिवंडीच्या डॉक्टरांनी तपासलं आणि ठाण्याला पाठवलं. तिथे कळलं की न खाणं हाही आजार असतो. तिथल्या समुपदेशक बाई अधूनमधून एक प्रश्नावली भरून घ्यायच्या. वजन वेगळं बघायच्या. प्रश्नावलीत आजारामुळे जगणं किती अडतं ते मोजायचं होतं. त्याला जीवनाची गुणवत्ता म्हणतात. नाव भारदस्त आहे.

'मैत्रिणींबरोबर हॉटेलात जेवायला जाणं टाळता का?' आमच्याकडे हॉटेल म्हणजे ट्रकवाल्यांचा ढाबा. तिथे मी कधी गेलेच नव्हते, तर टाळणार काय? 'खाण्याच्या भीतीने घरच्या कार्यक्रमांना जात नाही, असं होतं का?' कधीच नाही. भावकीतली एकही हळद मी चुकवली नव्हती. उत्तरं सगळी खरी होती. बेरीज चांगली आली, पुढच्या वेळी त्याहून चांगली. वजन तेवढं हलत नव्हतं. तरी बाई म्हणाल्या, असंच राहिलं तर आता सहा महिन्यांनी भेटू.

मी घाबरले. आपण बऱ्या झालेलो नाही हे मला पक्कं ठाऊक होतं आणि प्रश्नांत ते कुठेच येत नव्हतं. सहा महिने कोणी काही विचारणार नाही, आणि मी बादली घेऊन फिरत राहणार. त्यात मी संपले असते.

तरी मी पिशवी उचलून उठू लागले. बाईच कागद आवरता आवरता म्हणाल्या, "मागच्या हळदीला जेवताना कोणाच्या शेजारी बसली होतीस?"

मी आठवून बघितलं. कित्येक वर्षांत मी कोणाच्याच शेजारी बसले नव्हते. तसं सांगितलं, बादलीचंही. बाहेर बाकावर बसलेल्या आईला बाईंनी आत बोलावलं.

पुढची हळद चुलतभावाची. मी सवयीने बादली उचलली, तर आईने भर मांडवात ती माझ्या हातातून काढून घेतली. "बस. आज मी वाढतंय." चुलतीला वाटलं पाळी आली असेल, तिने हळूच विचारलंही. पाळी तर कितीतरी महिने बंद होती. मी चुलतीच्याच शेजारी बसले.

पत्रावळीवर भात आला, भाजी आली, बुंदी आली. आईने वरण वाढलं, थोडंच, आणि आग्रह न करता पुढे गेली. शेजारीपाजारी भुरके चालले होते आणि मला रडू येत होतं. थोडा भात गेला, बुंदी तशीच राहिली. पंगत उठेपर्यंत मी उठले नाही.

त्यानंतर ठाण्याला पुन्हा तेच प्रश्न. चारचौघांत जेवताना त्रास होतो का? खूप. कार्यक्रमात बसणं नकोसं वाटतं का? खूप. बेरीज चांगलीच घसरली. बाईंनी मात्र सहा महिन्यांचं नाव काढलं नाही, पुढच्याच आठवड्यात यायला सांगितलं.

परतीच्या एसटीत आईने विचारलं, "किती आलं?"

"मागच्यापेक्षा कमी."

तिने तिकिटं घडी करून पदराच्या गाठीत बांधली. मग म्हणाली, "येऊ दे. कागदाला काय ठाव, मागं जास्त आलं तवा बादली कोनाच्या हातात व्हती."