आयव्हर पेंगेलीचा बुधवार

मला एक सांगा. तुमचं घर वाचलं आणि शेजाऱ्याचं जळलं, तर रडायचा हक्क कुणाचा?

शेजाऱ्याचा, असं तुम्ही पटकन म्हणाल. आमच्या यॅरावीनमध्येही सगळे असंच म्हणतात. ज्याचं घर जळलं तो म्हणतो, माझं नुसतं घर गेलं, त्याची तर गुरं गेली. गुरं गेलेला म्हणतो, माझ्या घरातलं माणूस तर नाही ना गेलं. या खोऱ्यात प्रत्येकाला आपल्यापेक्षा जास्त होरपळलेला कुणीतरी सापडतोच. या शहाणपणाने आमचं वाटोळं केलं.

आयव्हर पेंगेली चौसष्ट वर्षांचा आहे. धंदा कुंपणं घालायचा, बापही तेच करायचा. गावच्या स्वयंसेवक अग्निशमन दलात अडतीस वर्षं बंबाचा चालक. बोलण्यात इतका कंजूष की त्याची बायको मार्गो चारचौघांत सांगायची, "यानं मला लग्नाचं विचारलं ते गेट बसवता बसवता. मला वाटलं, बिजागरीबद्दल विचारतोय." मार्गो त्या मोठ्या वणव्याच्या दोन वर्षं आधी वारली. तेव्हापासून घरात तो आणि त्याची कुत्री टिली.

चार वर्षांपूर्वीच्या त्या जानेवारीत, आमच्याकडच्या ऐन उन्हाळ्यात, वणव्याच्या धुराने भर दुपारी बारा वाजता अंधार झाला. आयव्हर बंब घेऊन सॉल्टरच्या लाकडी पुलाकडे निघाला होता. पुलापलीकडच्या घरात लेन सॉल्टर एकटा होता. वायरलेसवर हुकूम आला, मागे फिरा. आयव्हरने बंब वळवला. बंबावर आणखी चौघं होती, ती चौघं आज जिवंत आहेत. लेन नाही.

एवढं गावाला ठाऊक आहे. पुलाशी आयव्हर किती वेळ थांबला, तिथून त्याने काय पाहिलं, काय ऐकलं, ते त्याचं त्यालाच.

पहिल्या महिन्यात मंत्री आले, कॅमेरे आले, आणि घराघरांतून इतका चीजचा लझान्या शिजवून आला की कुत्रीसुद्धा वास घेऊन तोंड फिरवायला लागली. मग सगळे गेले. आयव्हर जळलेली कुंपणं उभी करत राहिला. सूर्य उगवला की खांब आणि तार, मावळला की घर. स्वतःचं कुंपण सोडून सगळ्यांची केली. टिली गाडीत बसून भुंकायची. लोक म्हणायचे, आयव्हर बघा कसा खंबीर आहे. मला मात्र त्याचे डोळे दिसत होते. तो झोपत नव्हता.

मी शाळा अर्ध्यावर सोडलेली बाई आहे. पण कुठल्या साहेबाच्या दारात किती वेळ ठाण मांडलं की दार उघडतं, ते मला कळतं. तीन वर्षं हे बघितलं, मग सात महिने भांडले आणि गावासाठी एक समुपदेशक मिळवली. दर बुधवारी, गावच्या हॉलच्या मागच्या खोलीत. रोवेना तिचं नाव. पस्तिशीची, मऊ आवाजाची, पायात शहरी बूट. यादीत पहिलं नाव मी स्वतः लिहिलं, आयव्हरचं.

तो टोपी हातात घेऊन आला. "जॉस, माझी वेळ डोरीनला दे. तिचं घर गेलंय."

डोरीन म्हणाली, "मला कशाला? पत्रे आणि विटा गेल्या, नव्या येतील. कॉल्मला दे. त्याला स्वतःच्या हाताने साठ गाई गोळ्या घालून माराव्या लागल्या."

कॉल्म म्हणाला, "तशा भाजलेल्या अवस्थेत ठेवून काय करणार होतो? मी बरा आहे गं. खरी गरज आयव्हरला आहे. पुलावर तो होता."

"अरे गाढवांनो," मी हॉलभर ओरडले, "यादी फिरून फिरून जिथून निघाली तिथेच आली! आता कुणाला देऊ, झाडावरच्या पोसमला?"

"पोसमचं झाडही गेलं की," कॉल्म म्हणाला. सगळे हसले. गेलं कुणीच नाही. चार बुधवार रोवेना रिकाम्या खोलीत चहा पीत बसली.

पाचव्या बुधवारी तिने मला विचारलं, "तो आत्ता कुठे असेल?"

"कुंपणावर. दुसरीकडे कुठे असणार?"

तिने माझे जुने जाड बूट मागून घेतले. मी तिला घेऊन गेले. आयव्हरने तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "तार ताणता येते का, पोरी?"

"नाही."

"मग इथे धर. सुटली तर गाल फाडेल."

मी गाडीत बसून राहिले. दोघं शेजारी शेजारी उभी, तोंडं तारेकडे. पहिल्या दिवशी फक्त खांबांवर बोलणं झालं, दुसऱ्या बुधवारी मार्गोवर. तिसऱ्या बुधवारी लांबून दिसलं की कामं थांबलीत, आयव्हर बोलतोय आणि रोवेनाने तार घट्ट धरून ठेवली आहे. जाताना तो माझ्या खिडकीशी आला.

"आज सांगता सांगता पुलापर्यंत आलो."

"मग?"

"मग चहाची वेळ झाली." टोपी नीट करत पुढे म्हणाला, "बाकीचं सांगेन तिला. तू घाई करू नकोस. आणि एक, जॉस. हजेरीत माझं नाव नको. तो कागद हॉलमध्ये लोळत असतो, अख्खं गाव वाचतं."

मी शब्द दिला. मग डोरीनही रोवेनाशी बोलायला लागली, नव्या पायाच्या खड्ड्याशी उभी राहून. कॉल्म बोलायला लागला, दूध काढता काढता. दोघांची अट तीच. मी हजेरीचा कागद दर आठवड्याला कोरा ठेवला, खाली सही केली आणि सरकारी कचेरीला पाठवला. मान ताठ ठेवून पाठवला. जॉस्लिन बेडल शब्द मोडत नाही, म्हटलं.

अकराव्या आठवड्यात पत्र आलं. उपस्थिती शून्य, गावात मागणी आढळत नाही, सबब सेवा यापुढे फोनवर मिळेल.

मी तीन तास गाडी हाकून त्या कचेरीत गेले. समोरचा साहेब तरुण होता, सभ्य होता, त्याने मला पाणीसुद्धा दिलं. वाईट माणूस असता तर बरं झालं असतं, भांडता तरी आलं असतं.

"लोक भेटत होते तिला!" मी टेबलावर हात आपटला.

"कुठे, बाई?"

"कुंपणावर."

"कागदावर सही तुमचीच आहे ना? नावं द्या, मी वर प्रयत्न करतो."

मी बाहेर येऊन आयव्हरच्या घरी फोन लावला. नाव देऊ का, विचारलं.  तो म्हणाला, "आधी डोरीनला विचार. तिचं जास्त..." मी फोन आपटला. तिघांचे होकार मिळवायला मला नऊ दिवस लागले. तोवर रोवेनाला उत्तरेकडच्या पूर आलेल्या गावात पाठवलं होतं.

जाण्याआधी ती आयव्हरला सांगायला कुंपणावर आली. तो म्हणाला, "बरं. सावकाश जा, रस्त्यात कांगारू असतात." ती गेल्यावर त्याने अर्धी ताणलेली तार सोडली, गुंडाळली आणि गाडीत टाकली.

राहिला फोन. घरच्या फोनवर बोलायला तो तयार नाही, घरात मार्गोचा फोटो आहे म्हणतो. मोबाइल लागतो फक्त पाण्याच्या टाकीच्या टेकडीवर. मी त्याला वर घेऊन गेले. फोनवरचा आवाज गोड होता. सुरुवातीपासून सांगा, म्हणाला. आयव्हरने सांगितलं, पुलापर्यंत आला आणि वेळ संपली. पुढच्या आठवड्यात दुसरा आवाज. सुरुवातीपासून सांगा. तिसऱ्या वेळी तिसरा. आयव्हरने फोन माझ्या हातात दिला.

"तीनदा त्या पुलापर्यंत गेलो, जॉस. दर वेळी एकट्यानेच परत यावं लागतं. आता नाही जमत."

"मला सांग मग! मी काय मेलेय?"

"लेन तुझ्या नवऱ्याचा मावसभाऊ. तुला सांगितलं तर उद्या पावाच्या दुकानात तुझ्याकडे बघू कसा?"

मी फोन खिशात टाकला आणि त्याला खाली घेऊन आले.  इथे ज्याला सांगावं तो लेनचा कुणीतरी लागतोच.

गेल्या महिन्यात त्याने टिली कॉल्मला देऊन टाकली. "म्हातारा झालो, तिला फिरवायला होत नाही." माणूस जीव लावलेलं असं देऊन टाकायला लागला की सावध व्हायचं. अशा वेळी आडून विचारायचं नसतं, एवढं मी शिकले आहे. सरळ विचारलं, "आयव्हर, मरायचा विचार येतो का?"

तो पक्कडीला तेल देत होता. "रोज नाही," म्हणाला.

त्याच दिवशी त्याला गाडीत घातलं आणि दोन तासांवरच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरने गोळ्या दिल्या, पुढची तारीख सात आठवड्यांनंतरची दिली. तोवर आम्ही पाळ्या लावल्या आहेत. सकाळी डोरीन जाते, दुपारी मी, दिवे लागायच्या सुमाराला कॉल्म टिलीला घेऊन जातो. आयव्हर आम्हाला चहा करून देतो, हवेबद्दल बोलतो. मी समोर बसून पेला फिरवत राहते. रोवेना गेली ती माझ्या कोऱ्या कागदांमुळे, हे मी त्याला अजून सांगितलेलं नाही. कदाचित त्याला माहीत आहे.

मला भांडता येतं. या कामात भांडण काही कामाचं नाही, हे कळायला मला पन्नास वर्षं लागली.

म्हणून तुम्हाला सांगते. तुम्ही हे काम शिकलेले असाल, आणि लेन सॉल्टर तुमचा कुणी लागत नसेल, तर यॅरावीनला या. खोली मी देते, बूट मी देते. सहा महिन्यांच्या करारावर मात्र येऊ नका. निदान पाच वर्षं राहायचं ठरवून या. तुम्हाला जमत नसेल, तर ज्याला जमेल त्याला आमच्या गावाचं नाव सांगा. आज सांगा.