अंगठ्याचं प्रूफ

औरंगपुऱ्यातल्या गल्लीत मंजुषाचं छपाईचं दुकान. वडील पुंजाराम कंपोझिटर, शिशाचे खिळे जुळवून बोटं काळी झालेला माणूस. त्यांच्या काळी ‘लेडिंग’ म्हणजे दोन ओळींत घालायची शिशाची पट्टी होती, ‘फाँट’ वजनावर विकत मिळायचा. आता ओळी माउसनं सरकतात, फाँट फुकटात उतरतो. बदलू द्या, मंजुषाला त्याचं सोयरसुतक नव्हतं. तिचं डोकं फिरायचं ते ‘प्रूफ’वर. प्रूफ म्हणजे कागद. गिऱ्हाइकानं उजेडात धरून वाचायचा, खाली सही करायची, मगच मशीन चालू. आता मोबाइलवर फोटो जातो, तिकडून अंगठा येतो. झालं प्रूफ.

वैजापूरच्या इंद्रजीतनं असाच अंगठा पाठवला. मावशी चतुराबाई वारली, तिच्या श्रद्धांजलीचं फ्लेक्स होतं. दोघी बहिणींच्या जुन्या फोटोतून त्यानंच एकीला कापून पाठवलं, आणि भलतीच कापली. चतुराबाईची धडधाकट जित्ती बहीण कडूबाई हार घालून मार्केट यार्डासमोर लटकली.

दुसऱ्या दिवशी कडूबाई ते फ्लेक्स गुंडाळून काखेत मारून दुकानात हजर. मागं इंद्रजीत, डोळ्यानं खुणावत. सकाळीच त्यानं फोन केला होता, “ताई, चूक तुमच्यावर घ्या. माझ्या निवडणुकीचं समदं काम तुमच्याकडंच.”

“मला कुणी मारलं गं?” कडूबाईनं विचारलं.

निवडणुकीचं काम म्हणजे दुकानाचं वर्षभराचं पोट. तरी मंजुषाच्या मस्तकात तिडीक गेली. “छापलं मी, मावशी. कागद न काढता छापलं, तेवढी चूक माझी. पण फोटो ह्याचा आन् होकारबी ह्याचाच.” तिनं मोबाइल पुढं धरला.

“बघितलं नाय व्हय रे?”

“गाडीवर होतो, मावशी. लई बारीक दिसत होतं.”

“माझी माय अंगठा द्यायची, तिला अक्षर येत नव्हतं म्हणून. तुला शिकवून काय उपेग झाला?”

इंद्रजीतचं तोंड लाल झालं. “ताई, प्रचाराचं विसरा आता,” म्हणत तो पायऱ्या उतरला.

आठवडाभरात समोरच्या दुकानातून त्याचा हसरा चेहरा भल्यामोठ्या फ्लेक्सवर छापून निघाला. मंजुषानं तिकडं बघून एक कचकचीत शिवी हासडली आणि लग्नपत्रिकेसाठी आलेल्या माणसाच्या हातात कागद कोंबला.

“व्हॉट्सॲपवर टाका ना,” तो म्हणाला.

“नाय टाकत. वाचा. इथंच उभं राहून.”