ओपनमधून निवड

लिहायला बसण्याचा माझा काही अधिकार नाही. तेवढ्याबद्दल वाचणाऱ्यांची आधीच माफी मागतो. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजात गेलेलं नाही. आजोबांचा जन्म मेंढरांमागं गेला, वडिलांनी कासुर्डीत थोडी जमीन धरली आणि तिथंच थांबले. माझा लिखाणाशी संबंध एवढाच, की दुसऱ्यांनी लिहिलेलं मी मंजूर करतो नाहीतर काढून टाकतो. तरी लिहितोय, कारण हे ग्रुपवर टाकता येत नाही. नियमात बसत नाही, आणि नियम सांभाळायचं काम माझंच आहे.

ग्रुप आमच्या दौंडच्या कॉलेजच्या माजी विद्यार्थ्यांचा. आधीच्या मुलांनी नंतरच्यांना नोकरीला हात द्यावा, म्हणून सरांनी तो सुरू केला. मॉडरेटर कोण होतंय, असं त्यांनी वर्गात विचारलं. कुणीच बोललं नाही, म्हणून मी हात वर केला. घरी सांगितल्यावर आईनं विचारलं, "परमनंट हाय का?"

"न्हाई गं, सेवा हाय."

"मग सरांचीच पोरं का करत न्हाईत सेवा?"

मला वाटलं होतं, मोठ्या लोकांच्या ओळखी होतील आणि पुढंमागं माझंही काही होईल. तसं झालं नाही. सकाळी उठून मी फुलांची शुभ सकाळ काढतो, कर्ज देणाऱ्या ॲपच्या जाहिराती काढतो, पुढाऱ्यांचे वाढदिवस काढतो. एवढं झाडून काढल्यावर खाली उरतात ती काम मागणारी माणसं. एखाद्यानं चुकून जागा असल्याचं लिहिलं, की त्याखाली "इंटरेस्टेड सर", "इंटरेस्टेड सर" अशी रांग लागते. लिहिणारा परत येत नाही. ज्यांना नोकऱ्या आहेत ते ग्रुपवर गप्प असतात. बोलणारे सगळे एकाच बाजूचे.

त्यातलेच एक मांडवगण फराट्याचे दादा. वयानं माझ्याहून बरेच मोठे, आमच्यासारखेच मेंढरंवाल्यांच्या घरचे. एमआयडीसीतल्या एका कंपनीत ते मालाची तपासणी करायचे. दिवाळीनंतर कंपनीनं ती लाइनच बंद केली आणि कंत्राटावरची सगळी माणसं घरी बसली. ग्रुपवर पोस्ट टाकण्याआधी त्यांनी मला फोन केला.

"इंग्रजी बघ रं जरा. माझं ग्रामर म्हंजी बिनब्रेकची गाडी. कुठं धडकल सांगता येत न्हाई."

मी दोन-तीन चुका काढल्या आणि पोस्ट मंजूर केली. त्यांनी नोकरीच्या साइटवरचा फोटोही जोडला होता. गोल फोटो, त्याला कडेनं हिरवी पट्टी, पट्टीवर इंग्रजीत ओपन टू वर्क. म्हणजे मी रिकामा आहे, काम असेल तर सांगा.

थोड्या दिवसांनी सीव्ही नीट करायला मी त्यांच्या गावाला गेलो. एसटी स्टँडवर उतरलो तर समोर दादांचा भलामोठा फ्लेक्स. तोच फोटो, तीच हिरवी पट्टी. खाली लिहिलेलं: 'ओपनमधून निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन. शुभेच्छुक: समस्त मित्रपरिवार'. त्याच्याखाली गॉगल लावलेल्या शुभेच्छुकांची ओळ.

दादा मला घ्यायला गाडी घेऊन आले होते.

"दादा, हे काय?"

"वाच की. मी ओपनमधून लागलोय."

"कुठं?"

"त्यावर अजून एकमत न्हाई. चुलता म्हणतो पुण्यात. आप्पा म्हणत्यात भाईरच्या देशात." आप्पा म्हणजे दादांचे वडील.

त्यांच्या चुलतभावानं साइटवरचा फोटो पाहिला होता. आमच्याकडं गोल फोटोला रंगीत पट्टी आली म्हणजे माणूस निवडून आला किंवा त्याचा वाढदिवस आहे. वाढदिवस नव्हता. आणि पट्टीवरचा पहिलाच शब्द ओपन. हा शब्द आमच्या गावांत शाळा न शिकलेल्यालाही कळतो. भरतीच्या याद्या जन्मभर ऐकलेल्या असतात. आमच्यातलं पोरगं आपल्या प्रवर्गातून नाही तर ओपनमधून लागतं, म्हणजे सगळ्यांच्या बरोबरीनं, नुसत्या मार्कांवर लागतं. याहून मोठी गोष्ट नाही. चुलतभाऊ तिथून तडक शिरूरला फ्लेक्सवाल्याकडं गेला.

"आणि पुढचं टू वर्क?" मी विचारलं.

"वर्कला लागला, म्हंजी कामाला लागला. त्यात त्याची काय चूक काढायची?"

"मग तुम्ही सांगितलं का नाही?"

"सांगणार हुतो. पर मी काम हुडकत भाईर हुतो. मला कळूस्तोवर देवळात सत्कार झाला हुता. माझा न्हाई, आप्पांचा." दादांनी गाडीला किक मारली, पण गाडी पुढं घेतली नाही. "शाल, नारळ. ज्या बागायतदारांच्या वट्ट्याखाली आप्पा आजवर उभं राहून बोलत आलं, त्यांनी खुर्ची दिली बसायला. आप्पा बसलं. आता उठीव म्हणतोस?"

घरी आप्पा भेटले. शालीची घडी त्यांच्या उशाशी होती. दादांनी माझी ओळख करून दिली तसे त्यांनी मला हात जोडले. वडिलांच्या वयाच्या माणसानं हात जोडलेले बघून मी उठून उभा राहिलो.

"तुमच्या ग्रुपानं लावलं म्हणं ह्याला. लई उपकार झालं बघा."

मी दादांकडं बघितलं. ते सीव्हीच्या कागदात डोकं घालून बसले होते.

संक्रांत झाली आणि आमच्याच आळीतल्या एका मामांनी आपल्या मुलीसाठी मांडवगणचं स्थळ काढलं. नात्यानं मामा नव्हेत, पण मी त्यांना तेच म्हणतो. मुलगी शाळेत माझ्या वर्गात होती. मामा ओट्यावर बसून आईशी बोलत होते.

"मुलगा ओपनमधून लागलेला हाय. तुझ्या पोराच्या ग्रुपात असल की."

"हाय ना रं?" आईनं विचारलं.

"हायत," मी म्हणालो.

"कसा हाय?"

"माणूस चांगला हाय, मामा. लई चांगला."

"आन् नोकरी?"

"ती त्यांनाच विचारा."

"त्यात काय विचारायचं? बोर्ड लागलाय स्टँडवर."

मी बाहेर जाऊन दादांना फोन केला. बघण्याचा कार्यक्रम ठरत आलाय, हे त्यांना माहीत होतं. मुलीचा फोटोही त्यांनी पाहिला होता. "मी सांगणार हाय," ते म्हणाले. "लगीन लावून फसवायचं न्हाई. पर नुसतं 'न्हाई' घिऊन कसा जाऊ त्यांच्या दारात? हे न्हाई, पर हे हाय, असं काहीतरी हातात घिऊन जातो."

ते काहीतरी शोधायचं काम माझ्याकडं आलं. ग्रुपमध्ये उत्तर देणारं एकच माणूस मला माहीत होतं. दौंडच्या रेल्वे कॉलनीत वाढलेल्या, आता पुण्यातल्या एका कंपनीत असलेल्या ताई. तपासणी विभागात एक जागा आहे, असं त्यांनीच मागं लिहिलं होतं. मी त्यांना दादांचा सीव्ही पाठवला. लगेच उत्तर आलं, "पाठवलात ते बरं झालं. बघते."

मी ते दादांना जसंच्या तसं कळवलं. 'बघते' या शब्दावर आम्ही दोघंही कितीतरी दिवस काढले. मी विचारायचो, त्या "विचारलंय" म्हणायच्या. पुन्हा विचारायचो, "पुढच्या आठवड्यात कळेल". मग नुसत्या दोन निळ्या खुणा यायला लागल्या. दादा रोज फोन करायचे. थेट विचारायचे नाहीत. आधी उसाचं, पाण्याचं काढायचे आणि शेवटी म्हणायचे, "बाकी काय?" त्या 'बाकी'त काय आहे ते मला कळायचं.

मुलगी बघून झाली. दोन्हीकडून पसंती झाली. सुपारी फोडायचा दिवस धरला, तसा एका सकाळी दादा एकटेच कासुर्डीला आले. हातात काही नव्हतं. मी त्यांना मामांकडं घेऊन गेलो.

दादांनी बसल्या बसल्या सांगून टाकलं. नोकरी गेली आहे, नवी लागलेली नाही, फ्लेक्स गैरसमजातून लागला.

मामांनी मांडी बदलली. मग म्हणाले, "आन् ते ओपन?"

"ओपन म्हंजी मोकळा, मामा. काम असल तर द्या, असं लिहिलंय त्यात."

"मोकळा," मामा म्हणाले. आतून चहा आला. मामांनी दादांना आग्रहानं दुसरा कप घ्यायला लावला. नोकरी कशानं गेली, कंपनी कसली, काही विचारलं नाही. निघताना फाटकापर्यंत आले. "बघू," म्हणाले. "कळवतो."

रस्त्याला लागल्यावर दादा म्हणाले, "लई चांगला माणूस. शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं."

घरी आईला कळलं तेव्हा ती माझ्यावरच चिडली. "येवढं खरं बोलायची काय गरज हुती? लग्नापतुर लागली असती की कुठंतरी."

मामांनी काही कळवलं नाही. आप्पांना दादांनी त्याच संध्याकाळी सांगितलं. आप्पा रागावले नाहीत, असं दादा म्हणतात. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः जाऊन फ्लेक्स उतरवला आणि कडब्याच्या गंजीवर टाकला, अक्षरं खाली करून. त्यानंतर ते देवळाकडं गेलेले नाहीत. दादा शिरूरला एका गोदामात माल उतरवायला लागले. तिथं सीव्ही लागत नाही.

मी रोज ग्रुप झाडतो. नव्या पोस्ट येतात, मी इंग्रजी तपासतो, मंजूर करतो. माझंही शेवटचं वर्ष आहे. उन्हाळ्यानंतर मीही त्याच रांगेत लिहीन. ग्रुप सोडावा असं मनात येतं, पण सर विचारतात, मग कोण बघणार, आणि मला नाही म्हणता येत नाही.

तरी ताईंचं उत्तर अजून यायचं होतं. दादा गोदामातून फोन करायचे. मागं हमालांचा हिंदीत आरडाओरडा चालू असायचा आणि ते मोठ्यानं विचारायचे, "बाकी काय?" मी म्हणायचो, त्यांनी अजून नाही म्हटलेलं नाही. "मग हाय अजून," ते म्हणायचे.

परवा प्रॅक्टिकल चालू असताना ताईंचा मेसेज आला.

"उशिराबद्दल माफ करा. ती जागा तुम्ही सीव्ही पाठवायच्या आधीच रद्द झाली होती. मला तेव्हाच माहीत होतं, पण आपल्या भागातला मुलगा, नाही म्हणवलं नाही. सीव्ही मी पुढं कुणाला पाठवलेला नाही. त्यांना तुम्हीच सांगाल का?"