बंब पाणी मारायला गेला होता

शिरूर आणि दौंडच्या मधल्या पट्ट्यातल्या त्या साखर कारखान्याकडे एकच बंब होता आणि तो चालवणारा माणूसही एकच, शाकीर इनामदार. मूळचा तळेगाव ढमढेऱ्याचा. आधी मालट्रकवर होता, पण कारखान्यात लागल्यापासून सोळा वर्षं त्यानं दुसऱ्या गाडीला हात लावला नव्हता. लोंबकळत्या तारांनी कुणाचा ऊस पेटो की गाळलेल्या उसाच्या भुश्शाचा, बगॅसचा ढीग धुमसो, निरोप आला की शाकीर भरल्या ताटावरून उठायचा. बायको अकिला म्हणायची, "तुमच्या पहिल्या बायकोला भोंगा आहे, म्हणून तिचं ऐकता."

पण बंब आगीपेक्षा भलत्याच कामांना जास्त जायचा. संचालकाच्या घरी लग्न निघालं की मांडवाची धूळ बसवायला बंब. पुढारी हेलिकॉप्टरनं येणार म्हटलं की माळावर पाणी मारायला बंब. शाकीर जायचा, पण मनातून जळायचा.

दोन हजार दोनच्या फेब्रुवारीत, भर दुपारी, तो असाच एका सभेच्या मैदानावर पाणी मारत होता. टाकी निम्म्याच्या खाली गेली होती. तेवढ्यात गेटवरचा रखवालदार मच्छिंद्र मोटरसायकल पिटाळत आला आणि लांबूनच ओरडला, "शाकीरभाई, तोडणीवाल्यांच्या कोप्या पेटल्यात!"

उसाच्या पाचटाच्या आणि बांबूच्या चटयांच्या त्या झोपड्या. कारखान्यामागच्या रानात चाळीस कोप्या एकीला एक खेटून उभ्या होत्या. टाकी भरून घ्यायची तर वीस मिनिटं जाणार होती. शाकीर होतं तेवढ्या पाण्यानिशी सुटला.

पोचल्यावर त्यानं पंप चालू केला, तर पाणी त्याच्याच पायांवर सांडायला लागलं. मैदानाच्या खडीवरून ओढून ओढून पाईप तीन जागी फाटला होता. मच्छिंद्रनं आणि धावत आलेल्या दोघांनी फाटक्या जागा हातांनी आवळून धरल्या, तेव्हा कुठं अर्ध्या कोप्या वाचल्या. बाकीच्यांची राख झाली. दावणीला बांधलेले दोन बैल जागच्या जागी गेले.

माणूस एकही गेलं नाही, ते तुळजाबाईमुळं. धडधाकट माणसं सगळी ऊस तोडायला फडावर होती. ही आष्टीकडची बाई तापानं फणफणली म्हणून मागं राहिली होती. तिनं पेटत्या कोप्यांत शिरून चार लेकरं बाहेर ओढली. तिचे हात कोपरापर्यंत भाजले होते. जीपमध्ये चढवताना तिनं शाकीरला विचारलं, "भाऊ, गाडी हितंच असती म्हनत्यात. मग एवढा येळ कुठं व्हती?"

शाकीर वाकून फाटका पाईप गोळा करायला लागला.

महिन्याभरानं सुरक्षा अधिकारी सत्यजीत साहेबांनी त्याच्यापुढं एक टाइप केलेला कागद सरकवला. वर लिहिलं होतं, 'अग्निशमन विभाग : पुढील वर्षाचे अग्रक्रम'. पहिला अग्रक्रम बंबाला नवा रंग. दुसरा, सव्वीस जानेवारीच्या संचलनासाठी गणवेश. तिसरा, पाहुण्यांपुढं प्रात्यक्षिक.

"सही कर इथं."

शाकीरनं कागद दोनदा वाचला. "साहेब, आग कितव्या नंबरला हाय?"

"आग हे कलम नसतं रे. आग हा मूळ विषय आहे."

"मंग मूळ विषयच लिहायचा ऱ्हायला की वो!"

त्यानं सही केली नाही. कागद उलटा करून सातवी शिकलेल्या अक्षरात स्वतःच लिहायला बसला. बंब आगीशिवाय हलणार नाही. टाकी सदा भरलेली. पाईप नवे. बंबाच्या शेडमध्ये फोन. कोप्यांजवळ पाण्याचे हौद, आणि दोन कोप्यांत वीस फुटांचं अंतर.

संचालकांच्या बैठकीत तो न बोलावता गेला. खांद्यावरचा फाटका पाईप त्यानं चहाच्या कपांशेजारी टेबलावर टाकला. चेअरमन पोपटराव आप्पा चमकले. "शाकीर, हे काय?"

"आप्पा, ह्यो तुमच्या सभेच्या मैदानावर फाटला. तुळजाबाईचे हात त्या सभेपायी गेले."

कोपऱ्यातून एक संचालक म्हणाला, "बंब सभासदांसाठी आहे. तोडणीच्या टोळ्या आज इथं, उद्या तिथं."

शाकीरचा आवाज चढला. "आन् ऊस काय चालत येतो का वो गव्हाणीत? त्यांनी तोडला तवा तुमचा कारखाना फिरला! धूळ बसवायला पानी हाय, मानसं वाचवायला न्हाई?"

आप्पांनी त्याच्या हातातला कागद ठेवून घेतला.

पाईप आले, फोन आला, हौदही झाले. 'आगीशिवाय हलणार नाही' या ओळीपुढं मात्र कुणीतरी 'शक्यतो' लिहिलं. नव्या हंगामाच्या तोंडावर पुन्हा मैदानावर पाणी मारायचा हुकूम आला तेव्हा शाकीरनं साफ नकार दिला. आठ दिवसांत त्याची बदली वजनकाट्यावर झाली. बंबावर दुसरा ड्रायव्हर आला. तो सांगतील तिकडं जायचा.

टोळ्या उतरल्या त्या दिवशी शाकीर ड्युटी संपवून रानात गेला आणि पावलांनी अंतर मोजत कोप्या लांब लांब उभ्या करून घेतल्या. तुळजाबाईही आली होती. कोयता धरवत नव्हता, म्हणून मोळ्या बांधायची. त्या हंगामात दोनदा आग लागली आणि दोन्ही वेळा एकेका कोपीवरच थांबली.

वार्षिक अहवालात नव्यानं रंगवलेल्या लालभडक बंबाचा रंगीत फोटो छापून आला. खाली ओळ होती, 'संचालक मंडळाच्या दूरदृष्टीमुळे सुरक्षित हंगाम'. काट्यावर बसून शाकीरनं ती वाचली. मच्छिंद्रनं विचारलं, "काय छापलंय?"

"रंग," शाकीर म्हणाला, आणि अहवाल काट्यावर उभ्या ट्रॅक्टरच्या चाकाखाली भिरकावला.